तळघरातला दूतावास

वसुधा गुर्जरनं न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या एका हायस्कुलात आयुष्यभर अमेरिकन पोरांना अमेरिका शिकवली. काँग्रेस कशी चालते, कायदा कसा होतो, राष्ट्राध्यक्षाला काय करता येतं आणि काय नाही, हे सगळं. जन्म अमरावतीचा, बी.ए. नागपूरचं, आणि ही बाई वर्गात उभी राहून जॅक आणि जेनिफरला त्यांचीच घटना समजावून सांगणार! पहिल्याच वर्षी एका पालकानं प्रिन्सिपलला जाऊन विचारलं होतं, की हे शिकवायला इथलं कोणी मिळालं नाही का. वसुधानं त्या गृहस्थांनाच वर्गात बोलावलं, शेवटच्या रांगेत बसवलं आणि पूर्ण तास घेऊन दाखवला. जाताना ते थँक यू म्हणाले की नाही हे तिला आठवत नाही. पुढं त्यांनी धाकटीलाही तिच्याच वर्गात घातलं, हे मात्र पक्कं आठवतं.

तिचा एक लाडका धडा होता. फळ्यावर दोन गावांची नावं लिहायची, तेल अवीव आणि जेरुसलेम. मग सांगायचं, की १९९५ साली काँग्रेसनं भरघोस बहुमतानं कायदा केला: आपला इस्राएलमधला दूतावास तेल अवीवहून उचलून जेरुसलेमला न्यायचा. मुदत घातली १९९९ च्या मे अखेरीची. नाही नेला तर परराष्ट्र खात्याचा इमारतींचा निम्मा निधी अडकेल, अशी पाचरही मारून ठेवली.

"सो? डिड इट मूव्ह?" ती विचारायची.

हलला असणार, म्हणायची पोरं. कायदा आहे म्हटल्यावर हलायलाच हवा.

मुळीच हलला नव्हता. त्याच कायद्यात खाली एक कलम होतं, की देशाच्या सुरक्षेच्या हितासाठी गरज वाटली तर राष्ट्राध्यक्षानं तसं काँग्रेसला कळवावं आणि सहा महिन्यांची सूट घ्यावी. सहा महिने सरले की पुन्हा सही, पुन्हा सहा महिने. याला म्हणतात वेव्हर. या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष आला, त्या पक्षाचा आला, निवडणुकीत दूतावास हलवतो म्हणून सांगितलेला आला, सही काही चुकली नाही. पोरं चिडायची. "दॅट्स चीटिंग, मिसेस गुर्जर!" यावर वसुधा खूश. चीटिंग कसलं? कायदा कोणी मोडलेलाच नाही. कुलूपही कायद्यानं लावलं आणि किल्लीही कायद्यानंच दिली. ते गाव कोणाचं, हा प्रश्न ती वर्गाबाहेर ठेवायची. त्यावरून माणसं मरताहेत, असं स्पष्ट सांगायची. या तासाला आपण फक्त कुलूप आणि किल्ली बघायची.

एवढं शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या पायावर हाच धोंडा कसा पाडून घेतला, ते आता सांगतो.

न्यू जर्सीत 'स्नेहांगण' नावाचं ज्येष्ठ मराठी मंडळ आहे. पूर्वी आलेले डॉक्टर, इंजिनियर, त्यांच्या बायका, आणि अलीकडं मुलांकडं राहायला आलेले आईवडील, असा सगळा गोतावळा. दर बुधवारी सकाळी जमायचं. चहा व्हायचा, इंडियातल्या बातम्यांवर भांडण व्हायचं, कोणी नाट्यगीत म्हणायचं, कोणी आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मंडळाचं कार्यालय, पुस्तकं, खुर्च्या, माईक, गणपतीचं मखर, सगळं डॉक्टर नरेंद्र पोंक्षे यांच्या वॉरेन गावातल्या घरात, तळघरात. नरेंद्र हृदयाचा डॉक्टर, मंडळाचा पहिला अध्यक्ष आणि आजतागायत शेवटचाही. दर वर्षी निवडणूक व्हायची. म्हणजे कोणीतरी म्हणायचं, "नरेंद्रच राहू दे," आणि टाळ्या.

या टाळ्यांचं नीट समजून घ्यायला हवं. स्नेहांगणमध्ये हात वर करून मतं मोजायची पद्धतच नव्हती. परदेशात आपण मूठभर माणसं, एकमेकांच्या बारशापासून तेराव्यापर्यंत जाणारी, त्यात मतं कसली मोजायची? ठराव वाचायचा, टाळ्या वाजवायच्या, सेक्रेटरी सुनेत्रानं लॅपटॉपवर 'सर्वानुमते मंजूर' टाइप करायचं, की तिळगूळ. ज्याला ठराव पटलेला नसेल त्यानं जरा हळू टाळी वाजवायची. याहून जास्त विरोध तिथं कोणी कधी पाहिला नव्हता. कुरबुर असेल तर ती सभेच्या आधी फोनवर मिटवायची, सभेत तोंडं गोड.

वॉरेनचं घर देखणं. टेकडीवर, दाट झाडीत, अंगणात हरणं येतात. पण तिथं बस जात नाही, ट्रेन जात नाही. हायवे सोडल्यावर वळणावळणाचा चढ. जोवर गाडी चालवता येते तोवर त्या घरासारखं घर नाही. ज्या दिवशी किल्ल्या मुलाच्या हातात द्याव्या लागतात त्या दिवसापासून ते घर चंद्रावर. हळूहळू एकेक खुर्ची रिकामी राहायला लागली. माणसं गेली म्हणून नव्हे, त्यांना येता येईना म्हणून. तेव्हा, वसुधा अजून नोकरीत होती त्या काळात, तिनं ठराव लिहिला: मंडळाचं कार्यालय आणि बुधवारची बैठक एडिसनला ओक ट्री रोडच्या आसपास, तळमजल्यावर हलवावी. बहुतेक म्हातारी माणसं तिकडंच मुलांच्या अपार्टमेंटांतून राहतात, चालत येतील.

सभेच्या आदल्या दिवशी नरेंद्रचा फोन आला. दोघं एकाच वयाची, अमेरिकेत एकाच सालची, त्यामुळं अरे-तुरेची दोस्ती.

"वसुधा, मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडू नकोस यार. ठराव मीही सपोर्ट करतो. पण एखादी खिडकी ठेव. समजा जागा नाही मिळाली, समजा काही अडचण आली, तर?"

आणि वसुधाच्या डोक्यात वर्गातला धडा चमकला. तिनं कलम जसंच्या तसं उचललं: मंडळाच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास अध्यक्षांनी सभेला कळवून सहा महिन्यांची सूट घ्यावी. केवढी खूश होती स्वतःवर! ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या नरेंद्रनं वाजवल्या. का नाही वाजवणार? दुसऱ्या कोणी असा ठराव केला असता तर दोन मतं विरोधात पडली असती आणि मंडळ हललं असतं. पण आपल्याला एकही चेहरा पडलेला चालत नाही. ज्याच्या घरून बिऱ्हाड उचलायचं त्यानंही हसत टाळी वाजवली पाहिजे, या हौसेपायी तिनं कुलूप केलं आणि किल्ली त्याच्याच खिशात घातली.

पुढचं काय सांगायचं! संक्रांतीला सूट, गणपतीनंतर सूट. कधी बर्फ फार पडला, कधी योग्य जागा नाही, कधी नरेंद्रचा गुडघा. कोविडमध्ये सगळं मंडळ झूमवर, कोणी कोणाच्या घरी पाऊल टाकत नव्हतं, तेव्हासुद्धा अध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर बसून गंभीरपणे सूट घेतली आणि सगळ्यांनी आपापल्या चौकोनात टाळ्या वाजवल्या. निम्म्यांचे माईक बंद होते.

२०१८ साली खरा दूतावास जेरुसलेमला गेला. वसुधा तोवर निवृत्त झाली होती. टीव्ही बघत होती तर नरेंद्रचाच फोन. "बघ, गेला तुझा दूतावास एकदाचा! आपणही जाऊ गं. ॲट द राइट टाइम." वसुधा हसली. तेव्हा हसायला नको होतं, असं ती आता म्हणते. तेव्हा तिची गाडी चालत होती ना, म्हणून हसू आलं.

कोविड ओसरल्यावर शोभा साळगावकर आली. इस्लामपूरची. नवरा गेला, तिथला फ्लॅट विकला, आणि मुलगा परीक्षित तिला एडिसनला घेऊन आला. मुलगा भला, सून अनन्या भली, नातू गोड. पण सकाळी तिघंही गेले की घरात शोभा आणि डिशवॉशर. संध्याकाळी नातवाला विचारावं, "काय केलंस रे शाळेत?" तर उत्तर "नथिंग, आजी." इंग्रजीची भीती, रस्त्याची भीती, फोन वाजला तरी भीती. वसुधानं तिला ओक ट्री रोडवर मेथीची जुडी निवडताना पाहिलं आणि पुढच्या बुधवारी गाडीत घालून वॉरेनला नेलं.

आणि तळघरात काय गंमत! ही गप्प बाई तिथं सुटली. इस्लामपूरचा पोस्टमन कसा बोलतो, मुख्याध्यापक कसे शिंकतात, शेजारच्या काकू फोनवर कशा ओरडतात, हे ती असं हुबेहूब करून दाखवायची की रिटायर झालेले डॉक्टर डोळे पुसत हसायचे. मंडळात नवीन माणसं शोभाकाकू आहेत का विचारून यायला लागली. परीक्षितनं एकदा वसुधाला सांगितलं, "मावशी, बुधवारी रात्री आई जेवताना बोलते. बाकीचे दिवस मी काउंट करतो तिचे शब्द."

मागच्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी वसुधाला हायवे बंद केला. पडद्याचा आजार, दुकानापर्यंत जा, म्हणाले, पुढं नाही. तिला वाईट वाटलं, पण ती रडत बसणारी नव्हे. अडचण शोभाची होती. सनीव्हेलहून वसुधाची लेक आसावरी फोनवर म्हणाली, "आई, जस्ट टेक अ कॅब ना. काय एवढं?" घेऊन पाहिली. जाताना ड्रायव्हर टेकडीवर चुकला, परतताना गाडीच मिळेना. दोन म्हाताऱ्या नरेंद्रच्या फाटकापाशी थंडीत उभ्या. परीक्षित ऑफिस सोडून न्यायला आला आणि त्यानं हात जोडून सांगितलं, पुन्हा नको.

बुधवार संपले. दिवाळीला वसुधा फराळ घेऊन गेली तर शोभानं दार उघडलं, "या," म्हणाली, आणि त्यानंतर सगळ्याला "हं." पोस्टमन नाही, मुख्याध्यापक नाही. चकली तोंडात धरून खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसली. परीक्षित वसुधाला सोडायला खाली आला. "मावशी, मी पुण्यात एक ओल्ड एज होम बघतोय. चांगलं आहे. निदान मराठी तरी ऐकू येईल तिला. तिकीट मार्चचं बघतोय."

"तिला विचारलंस?"

"ती म्हणते, तू म्हणशील तसं."

वसुधा भडकली. परीक्षितवर नाही, त्याचं काय चुकलं होतं? एका बाईचं पोटचं पोर, नातू, घर, सगळं इथं. आणि तिला समुद्रापार परक्या माणसांत ठेवायचं, का, तर बुधवारी सकाळी टेकडी चढता येत नाही. तिनं घरी जाऊन नरेंद्रला फोन लावला. या संक्रांतीला सूट घ्यायची नाही, असं स्वच्छ सांगितलं. शोभाचं सगळं सांगितलं.

"अगं, नक्की बघतो," नरेंद्र म्हणाला. "फोनवर कशाला? सभेला ये, बोलू."

संक्रांतीची सभा रविवारी, त्यामुळं परीक्षितनं दोघींना नेलं. तळघर गच्च भरलेलं, हलव्याच्या वाट्या फिरताहेत, काळ्या साड्या कपाटांतून बाहेर आलेल्या. नरेंद्रनं माईक हातात घेतला. वर्षाचा अहवाल झाला, टाळ्या झाल्या. मग चष्मा पुसत तो म्हणाला, "कार्यालय हलवण्याच्या ठरावासंबंधी, मंडळाच्या हितासाठी, आणखी सहा महिने सूट घ्यावी लागते आहे. मी खरं कारण सांगतो. यामिनीनं इतकी वर्षं या जागेत जीव ओतलाय. एकदम सगळं उचललं तर तिला फार वाईट वाटेल."

यामिनी म्हणजे नरेंद्रची बायको. ती मागं ओट्यापाशी चहा गाळत होती. सगळ्यांनी तिच्याकडं वळून मायेनं पाहिलं आणि टाळ्या सुरू केल्या.

वसुधानं हात मांडीवर ठेवले. टाळ्या संपेपर्यंत थांबली आणि उभी राहिली.

"सुनेत्रा, माझा विरोध लिही."

आधी कोणाला कळलंच नाही. सुनेत्रा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "म्हणजे? अगं, टेम्प्लेटमध्ये 'सर्वानुमते' ऑलरेडी आहे."

"मग टेम्प्लेट बदल. माझं मत नाही असं आहे. मोजायची पद्धत नसेल तर आजपासून घाला. एक मोज."

कोणीतरी हसल्यासारखं केलं. कोणी म्हणालं, "वसुधा, सणाचा दिवस आहे." नरेंद्र माईक खाली ठेवून हळूच म्हणाला, "यू आर ओव्हररिॲक्टिंग. तुझंच कलम आहे ना?"

"माझंच आहे. मीच ती चूक केली आणि मीच सांगते, की किल्ली परत घ्या. अध्यक्षांची सूट रद्द करावी असा मी ठराव मांडते. पण टाळ्या नकोत. हात वर करा. हळू टाळी वाजवून माझ्याशी फोनवर खुसुरफुसुर करणाऱ्यांनो, आज मला तुमचे हात बघायचेत."

असं स्नेहांगणमध्ये कोणी कधी बोललं नव्हतं. माणसं आपल्या हलव्याच्या वाटीत बघू लागली. पाचसहा हात वर झाले, तेही खांद्यापर्यंतच. शोभाचा हात वर नव्हता. ती बिचारी घाबरून पदराशी चाळा करत बसली होती, आणि वसुधाला तिचा राग आला नाही. बाकीच्यांचा आला. वर्षानुवर्षं तिच्या घरी जेवलेली ही माणसं. ठराव पडला. सुनेत्रानं मात्र 'सर्वानुमते' पुसून 'बहुमताने' टाइप केलं.

वसुधा सरळ ओट्यापाशी गेली. "यामिनी, मला माफ कर, पण तुझ्या नावावर ढकललं म्हणून मला बोलावं लागलं. तुला खरंच एवढं वाईट वाटणार आहे?"

यामिनीनं गाळणं सिंकमध्ये टाकलं. "मला कोणी विचारलं? बुधवारचा चहा, सभेचा फराळ, वर कारपेटवर डाग. माझी पाठ गेली कामानं. मंडळ गेलं तर मी बुधवारी झोपेन गं, मस्त." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वाईट त्याला वाटेल. हॉस्पिटल सुटलं, मुलं टेक्सासला. बुधवारी सकाळी आंघोळ करून खिडकीत उभा असतो, पहिली गाडी कधी वळते ते बघत. तेवढाच दिवस आहे त्याला."

हे ऐकून वसुधाचा राग अर्धा झाला. नरेंद्रला काय खुर्चीची हाव नव्हती. त्यालाही घर खायला उठत होतं. ती बाहेर आली तेव्हा तो ड्राइव्हवेवर गाड्यांना वाट दाखवत उभा होता, कोट न घालता.

"नरेंद्र, मला कळलं तुझं. खरंच कळलं. पण तुझ्याकडं दोन गाड्या आहेत आणि दोन धड डोळे. तू एडिसनला येऊ शकतोस. शोभा इथं येऊ शकत नाही. एवढाच फरक आहे आणि तोच सगळा आहे."

"सहा महिने दे," तो म्हणाला. "प्रॉमिस. गणपतीनंतर हलवू."

"मार्चमध्ये तिला विमानात बसवताहेत. येत्या बुधवारी आम्ही एडिसनला भरतोय. ज्याला यायचं त्यानं यावं."

"ऑफिशियली नाही करता येणार ते."

"मग अनऑफिशियली," वसुधा म्हणाली आणि परीक्षितच्या गाडीत जाऊन बसली.

ओक ट्री रोडला एक मिठाईचं दुकान आहे, मागं चारपाच टेबलं. जेवणाची गर्दी सुरू व्हायच्या आधी ती रिकामीच असतात. मालक गुजराती, त्याच्या मुलीला वसुधानं शिकवलेलं. "टीचर, बेसो ने," एवढंच म्हणाला तो. पहिल्या बुधवारी तिथं कोण? वसुधा, शोभा आणि एक निवृत्त इंजिनियर, जे मुळात जिलेबी घ्यायला आले होते. तिघंच बसली. शोभा गप्प होती. वसुधाला एकदा वाटून गेलं, की हसं होणार आपलं. पण ती पुढच्या बुधवारीही गेली.

दुसऱ्या खेपेला ज्यांचं गाडी चालवणं सुटलं होतं ते आले. एक आजोबा वॉकर ढकलत आले, दारातच म्हणाले, "मी कोविडनंतर पहिल्यांदा माणसं बघतोय." नंतर सुनेत्रा आली, ती अपराधी चेहऱ्यानं. आणि एका बुधवारी काउंटरवरच्या मुलानं ऑर्डरीचा नंबर ओरडला तेव्हा कोपऱ्यातून तसाच्या तसा आवाज परत आला. शोभा! त्या मुलाची मान तिरकी करायची ढब, त्याचं गुजराती इंग्रजी, सगळं. मुलगा स्वतःच पोट धरून हसला. वसुधाला मात्र तोंड फिरवावं लागलं. डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दाखवायचे नव्हते.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला. एडिसनमधील जमणे ही स्नेहांगणची अधिकृत बैठक नाही, कृपया मंडळाचे नाव वापरू नये. खाली बरेच जोडलेले हात. वसुधानं तिथंच उत्तर लिहिलं: 'नाव तळघरातच ठेव, नरेंद्र. आम्हाला माणसं पुरतात.' यावर कोणी हात जोडले नाहीत. पुढच्या बुधवारी यामिनी आली. एकटी, स्वतः गाडी चालवत. दुसऱ्यानं केलेला चहा समोर आल्यावर तिनं आधी तो नुसता बघितला.

मार्च सुरू झाला आणि एका बुधवारी दारात नरेंद्र उभा. इस्त्रीचा शर्ट, जाकीट. वॉरेनला त्या दिवशी एकही गाडी वळली नव्हती, हे न सांगता सगळ्यांना कळलं. "पार्किंगचा काय प्रॉब्लेम आहे इथं," तो म्हणाला. मग वसुधाच्या टेबलाशी येऊन उभ्यानंच बोलला. बरंच ठरवून आला असावा. "हे बघ, भांडण पुरे. आपण रीतसर करू. तुम्ही सगळे पुढच्या आठवड्यापासून वॉरेनला परत या. मी सूट संपवतो, लेखी देतो. सहा महिन्यांत चांगली जागा बघू, उद्घाटन करू, फंक्शन करू, सन्मानानं हलवू. फक्त हे सहा महिने मला द्या."

माणूस खरं बोलत होता. आवाजात विनवणी होती आणि ती वसुधाला लागली. आजूबाजूला दोघातिघांनी सवयीनं हात टाळीसाठी जवळही आणले होते. सगळं गोड होईल, रीतसर होईल, कोणी दुखावणार नाही. त्या मोहाची चव तिला ओळखीची होती.

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "सहा महिने माझे नाहीत. शोभाचे आहेत. तिला विचार."

नरेंद्र वळला. "शोभाताई, काय म्हणता? चालेल ना?"

शोभानं कप खाली ठेवला. पदर सारखा केला. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज साऱ्या दुकानाला ऐकू गेला.

"नाही चालणार, डॉक्टर. काल परीक्षितनं विचारलं, तिकीट काढू का. मी म्हटलं, काढू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नाही म्हटलं मी. आता तुम्हाला सहा महिने देऊन मी कुठं जाऊ? मी इथनं हलणार नाही. तुम्ही या दर बुधवारी. आम्हाला हवेच आहात तुम्ही. पण यायचं तुम्ही."

टाळी कोणी वाजवली नाही. इतक्या वर्षांत अध्यक्षांसाठी पुढची खुर्ची कोणीतरी ओढून द्यायचं. आज यामिनीसुद्धा जागची उठली नाही. शेवटी नरेंद्रनं शेजारच्या टेबलाची एक खुर्ची स्वतःच उचलली आणि जागा करा म्हणाला.